हिल्डाचं सातवं फूल

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी हिल्डा हॅवर्थ परसात आली आणि रोपांच्या काचेच्या पेटीचं झाकण उघडं बघून तशीच धावली. पेटीपाशी स्टुलावर तिचे सासरे सेथबाबा बसले होते. नाकावर चष्मा, हातात चिमटा आणि चेहऱ्यावर मोठं पुण्यकर्म उरकल्याचं समाधान.

"ये पोरी. तुझं झाड जरा नीटनेटकं केलंय. फार गर्दी केली होती फुलांनी."

हिल्डा वाकली. काळपट लाल पाकळ्या, प्रत्येकीला सोनेरी जरीचा बारीक काठ, मधोमध पिवळाधमक डोळा. सबंध लँकशायरात असा प्रिमरोझ नसेल. तिने झुबक्यातली फुलं मोजली. पुन्हा मोजली. कुंडी फिरवून तिसऱ्यांदा मोजली.

"बाबा, सहा आहेत."

"सात."

"सहा! काल संध्याकाळी नऊ होती."

"मग? नवातली दोन काढली. गिरणीत जन्मभर धागे मोजलेत मी, मला शिकवतेस?"

त्यांच्या बुटापाशी तीन फुलं पडली होती. ती बघितल्यावर मात्र म्हातारा चष्मा काढून पुसायला लागला. हात थरथरून चिमट्यात दोन देठ एकदम आले असणार.

त्या दुपारी गावच्या प्रिमरोझ मंडळाचं प्रदर्शन होतं. झुबक्यात निदान सात फुलं नसतील तर तिथले पंच झाड बाद करत. हा नियम सगळ्यांत कडक पाळला होता तो सेथबाबांनीच. पंच असताना त्यांनी सख्ख्या भावाचं झाड सहा फुलांपायी बाद केलं होतं, आणि भाऊ पुढे चार नाताळ त्यांच्याकडे जेवायला आला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी बाबांचे हात कापायला लागले. तेव्हापासून बी पेरणं, गड्डे फोडणं, दंव पडलं की पोती पांघरणं, चिमण्यांनी फुलं कुरतडू नयेत म्हणून दोरे ताणणं, सपाता घालून गोगलगायी वेचणं, सगळं हिल्डाच्या गळ्यात. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून काठीने काच वाजवत. एक टकटक म्हणजे पाणी कमी, दोन म्हणजे जास्त, तीन म्हणजे तुला काहीच येत नाही. प्रदर्शनात कार्डावर नाव सेथ हॅवर्थ. बक्षिसाच्या दोन तांब्याच्या किटल्या आल्या त्या त्यांच्याच नावावर. घासून लख्ख ठेवायला मात्र हिल्डा.

हे झाड तिचं होतं. दोन झाडांचा संकर तिने स्वतः केला, चार वसंत वाट पाहिली, तीनशे रोपं उकिरड्यावर टाकली आणि हे एक ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कार्डावर स्वतःचं नाव लिहिलं होतं. एकदा, फक्त एकदा, लोकांनी हॅवर्थांचं झाड बघावं आणि म्हाताऱ्याकडे वळू नये, एवढंच तिला हवं होतं.

तिचा नवरा लेन दारात आला, दोघांची तोंडं बघितली आणि चहाचा कप घेऊन आपल्या पाळीव कबुतरांकडे निघून गेला.

"सहा तर सहा. मी नेणार," हिल्डा म्हणाली.

"बाद होईल. लोक हसतील."

"तुम्हाला नाही हसणार. कार्डावर माझं नाव आहे."

प्रार्थनाघराच्या हॉलमध्ये दुपारी सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. पंच ऑर्मरॉड, सेथबाबांच्या हाताखाली तयार झालेला, एकेक कुंडी बघत आला. हिल्डाच्या झाडापाशी थबकला. वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"हिल्डा, असा काठ मी जन्मात पाहिला नाही गं. पण सहाच आहेत."

"मोजता येतं मला."

"सेथसारखा गुरू घरात असून? बायकांना ना, धीरच नसतो. खुडायला बसलं की हात आवरत नाही."

हिल्डाने आपलं कार्ड सरळ केलं. भिंतीपाशी काठी आपटल्याचा आवाज झाला.

"ऑर्मरॉड, तोंड आवर. ते सातवं फूल मी तोडलं."

चहा ओतणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"तिची नऊ होती. सकाळी तिला न विचारता मी चिमटा चालवला. आणि आता ऐकाच. त्या दोन किटल्याही तिच्याच. सहा वर्षं मी नुसता काच वाजवतोय. झाडं ती वाढवते."

म्हाताऱ्याची मान लाल झाली होती. ऑर्मरॉडने घसा खाकरला आणि हिल्डाच्या नावाखाली पेन्सिलीने 'बाद' लिहिलं. नियम तो नियम. पण तो पुढे सरकताच सगळे त्याच कुंडीभोवती गोळा झाले.

"हिल्डा, काय नाव ठेवलंस याला?"

"हिल्डा, याची पानं गळत नाहीत का गं? माझ्या झाडांची गळतात."

कुणीही बाबांकडे वळलं नाही. हिल्डाने कुंडी फिरवून झुबका सगळ्यांपुढे केला.

"काठ माझ्या जुन्या झाडावरनं आलाय हं!" मागून आवाज आला. "आणि यंदा पाणी जास्त घातलंय तिनं. देठ बघा, केवढा लांबलाय."

"बाबा!" तिने खुर्ची ओढली आणि त्यांना जवळजवळ दाबूनच बसवलं. "चहा प्या. आणि एक अक्षर बोलू नका."

"बी देशील का गं याचं?" शेजारच्या आळीतल्या मिसेस क्लेगने हळूच विचारलं.

"देईन की. जूनमध्ये या, पिकलेलं असेल."

"जुलै," खुर्चीतून आवाज आला.

हिल्डाने मागे वळूनही पाहिलं नाही.

"जूनमध्ये," ती म्हणाली. "माझ्याकडे या."