सगळ्या किंवा एकही नाही

मी एक जुना, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा ट्रे आहे. मित्रांनो, कॅलिफोर्नियातल्या गार्डिना गावच्या पत्त्यांच्या क्लबात माझी उभी हयात गेली. तो मोठ्यांचा खेळ आहे, तुम्ही तिकडे फिरकू नका. पण माझी गोष्ट मात्र ऐका.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या पोटात पाच खाचा होत्या. क्लबात पैशांऐवजी चिप्स, म्हणजे रंगीत चकत्या, मांडून खेळतात. खेळाडूला टेबल बदलायचं असलं की त्याच्या सगळ्या चिप्स माझ्या खाचांत भरून, चारचौघांच्या देखत न्यायच्या. एकही खिशात घालायची नाही, कुणाला सांभाळायला द्यायची नाही. नाहीतर सगळ्याच घेऊन रोखपालाच्या खिडकीवर जायचं, पैसे घ्यायचे आणि घर गाठायचं. नियम कडक आहे. मला तो पहिल्या दिवसापासून पटला.

फुमिको ओकावारा या रोपवाटिकेच्या मालकीणबाई. एका वर्षी उन्हाळा असा तापला की त्यांच्या विहिरीचा पंप जळून गेला. रोपं माना टाकू लागली होती. अशाच एका दुपारी त्यांचं नशीब उघडलं आणि पंपाचा खर्च भागून वर उरतील इतक्या चिप्सचे पाच ढीग समोर जमले. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावर जागा झाली. ती त्यांनी सकाळीच मागून ठेवली होती, कारण तिथे त्यांचा जुना दोस्त ग्रेडी बसला होता.

बाईंनी मला भरलं. चार खाचा भरल्या. पाचवीच्या चिप्स मात्र हळूच स्वेटरच्या खिशात गेल्या. एवढ्या उन्हात स्वेटर कशाला, हे कुणी विचारलं नाही. हॉलवर देखरेख करणारी डोलोरेस चांगली लांब उभी होती, पण टेबलावरचे पाच ढीग तिने पाहिले होते आणि माझी रिकामी खाच तिला तिथूनच दिसली.

"ओकावाराबाई, खिशातल्या पण ठेवा."

"अगं, त्या पंपाच्या आहेत. बाकीच्यांवर जरा खेळते."

"मागच्या उन्हाळ्यात छपराचे पैसे असेच बाजूला ठेवले होतेत ना? हरायला लागलं की खिशातलं खिशात राहत नाही, बाई. सगळ्या किंवा एकही नाही."

बाईंचा चेहरा लाल झाला. रागारागाने त्यांनी पाचवी खाच भरली आणि मला उचललं. डावीकडे ग्रेडीचं टेबल, उजवीकडे खिडकी. माझा जीव टांगणीला लागला. बिनपायाचा मी, करणार तरी काय?

"ये की फुमी," ग्रेडी ओरडला. "दोन डाव खेळ आणि जा. का घाबरलीस?"

"हो रे बाबा, घाबरले. रोपांना पाणी घालायला तू येणार आहेस का?"

सगळं टेबल हसलं. बाई हसल्या नाहीत. दात-ओठ खाऊन त्या उजवीकडे वळल्या. ग्रेडी मागून 'फुमी, फुमी' करत राहिला, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. खिडकीवर मला ठेवून त्यांनी पैसे घेतले आणि थेट पंपवाल्याकडे गेल्या. मी तिथे रिकामा पडलो होतो. इतका आनंद मला भरलेला असताना कधी झाला नाही.

पुढे माझा एक कोपरा तडकला. कुणी माझ्यावर कॉफी सांडली, कुणी चिकट बोटं लावली. आता नवे ट्रे आलेत आणि मी काउंटरखाली धूळ खात पडलोय. पण मी हार मानलेली नाही. तडकलेल्या कोपऱ्यानिशीही मी चिप्स वाहीन. माझ्या खाचा अजून शाबूत आहेत.

मित्रांनो, मला नवा रंग नको, कौतुकही नको. फक्त कुणीतरी ओलं फडकं घेऊन मला स्वच्छ पुसा. त्या दुपारी मी असाच मळका असतो, तर डोलोरेसला माझी रिकामी खाच दिसली नसती, आणि ओकावाराबाई ग्रेडीच्या शेजारी जाऊन बसल्या असत्या.