जंगलांच्या नावाची वर्षं

आमच्या घरात वर्षांना आकडे नसतात, जंगलांची नावं असतात. मी पाचवीत होते ते पेंचचं वर्ष. दादी गेली ते नवेगावचं वर्ष. माझ्या मोठ्या भावाने, हमझाने, सायकलवरून पडून हात मोडून घेतला ते मेळघाटचं. बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटेल, हे लोक दर उन्हाळ्यात जंगलं पालथी घालतात. खरं तर यातल्या एकाही जंगलात आम्ही पाऊल ठेवलं नव्हतं. त्या त्या वर्षी तिथे जायचं ठरलं होतं, एवढंच.

कारण साधं होतं. अब्बांचा वाशीच्या फळबाजारात गाळा आहे आणि त्यांचा मुख्य व्यापार हापूसचा. जंगलातले ओढे आटतात आणि वाघ उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर यायला लागतात, ते एप्रिल-मेमध्ये. कोकणातून आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या वाशीला येतात, त्याही एप्रिल-मेमध्ये. दोन्हींच्या मुळाशी एकच ऊन. त्यात अब्बांचा दोष काढणं शास्त्राला धरून झालं नसतं.

तरी बेत दरवर्षी व्हायचा. फेब्रुवारीत पहिल्या पेट्या आल्या की अब्बा खुशीत असायचे. रविवारी दुपारी बेलापूरच्या आमच्या हॉलमध्ये महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरला जायचा. अब्बांच्या सदऱ्याला पेटीतल्या पेंढ्याचा वास असायचा, तो अजून कुठे आला की मला साग आणि बांबू आठवतात. वास्तविक पेंढ्याचा आणि सागाचा काही संबंध नाही. कोणत्या फाटकातून आत शिरायचं, पहाटेची फेरी घ्यायची की दुपारची, अस्वल दिसलं तर काय करायचं, यावर तासन्‌तास खल चालायचा.

मग मतदान. ते बाजाराच्या पद्धतीने व्हायचं. पूर्वी आमच्या बाजारात दोघं व्यापारी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा करायचे, म्हणजे भोवतीच्यांना काही कळू नये. अब्बा टॉवेल घ्यायचे आणि एकेकाला बोलवायचे. एक बोट म्हणजे ताडोबा, दोन म्हणजे पेंच, तीन म्हणजे नवेगाव, चार म्हणजे मेळघाट. आम्ही टॉवेलखाली त्यांची बोटं दाबायचो आणि ते चेहरा दगडासारखा ठेवायचे. अम्मीचा नंबर शेवटी. ती बहुतेक वेळा जवळच्या दिवाळे गावातल्या कोळणींकडून आणलेली कोलंबी सोलत बसलेली असायची. हात धुऊन यायची, टॉवेलखाली हात घालायची आणि परत कोलंबीकडे. मग अब्बा गंभीरपणे निकाल सांगायचे. हमझा म्हणायचा, "चीटिंग! अब्बा, तुमी स्वतःचंच ठरवता." अब्बा म्हणायचे, "बाजारात राहायचं तर व्यापाऱ्यावर विश्वास ठेवायचा, मियाँ."

मार्च संपला की नकाशा घडी होऊन कपाटात जायचा. आम्हाला त्याचं फार वाईट वाटायचं असं मला आठवत नाही. मे महिनाभर घरात आंबा असायचा, आणि ज्या जंगलात गेलो नाही त्याच्या गोष्टी आम्ही एकमेकांना सांगायचो.

या वर्षी मात्र मला खरंच जायचं होतं. हमझाला दोहाला नोकरी लागली होती, जूनमध्ये तो निघणार होता. त्यानंतर चौघं एका गाडीत कधी बसणार, हे कुणालाच सांगता आलं नसतं. माझी प्राणिशास्त्राची एमएससी नुकतीच झाली होती आणि मोजूनमापून काम करायची खोड अंगात मुरली होती. म्हणून मी बाजारातल्या हापूसच्या आवकेचे गेल्या काही वर्षांचे आकडे जमवले आणि आलेख काढला. मेचा तिसरा आठवडा आला की आवक दरवर्षी उतरणीला लागलेली दिसत होती. अब्बांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. तेव्हा शादाब सांभाळेल." शादाबचाचा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, गाळ्यातले भागीदार. अब्बांनी स्वतःहून आधार कार्ड काढून दिलं. मी ताडोबाच्या मोहर्ली फाटकाची फेरी चौघांच्या नावाने बुक केली. नागपूरपर्यंतची गाडी, पुढची जीप, सगळं झालं. अम्मीने नवीन चपला आणल्या, पायाला घट्ट बसणाऱ्या.

माझ्या आलेखात एक गोष्ट नव्हती. यंदा थंडी लांबली आणि मोहोर उशिरा धरला. एप्रिल अर्धा सरला तरी गाळा अर्धा रिकामाच.

एका संध्याकाळी अब्बा घरी आले, हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी बसले.

"हादिया, तुझा ग्राफ आंब्याला कोणी दाखवला नाही वाटतं."

"म्हणजे?"

"माल मागे पडलाय. सगळा मेच्या तिसऱ्या आठवड्यात येणार. देवगडवाले रोज फोन करतायत."

"शादाबचाचा आहेत ना?"

"शादाब हुशार आहे, बेटा. पण ते लोक माल पाठवतात ते पेटी मी उघडतो म्हणून. वर्षभर त्यांनी झाड सांभाळायचं आणि ऐन दिवशी मी वाघ बघायला? कोणत्या तोंडाने सांगू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला राग आला. हमझा सोफ्यावर आडवा होऊन मोबाईल बघत होता. तो वर न बघता म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, हादू. कॅन्सल कर. नाव तर पडलंच ना वर्षाला. तेवढंच लागतं आपल्याला."

मी लॅपटॉप उघडला.

"कशाला कॅन्सल?" अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अब्बा येत नाहीत म्हणून."

"ते नाही येत. आमी तिघं जातो."

अब्बा हसले. हसण्यासारखीच गोष्ट होती, कारण अम्मी अब्बांशिवाय कधी कुठे मुक्कामाला गेली नव्हती. "खदीजा, तुला कधीपासून जंगलाची आवड? इतकी वर्षं टॉवेलखाली एक बोट दिलं नाहीस तू."

हमझा उठून बसला. "म्हणजे? अम्मी वोट द्यायचीच नाही?"

"हात धरून बसायची नुसती," अब्बा म्हणाले, आणि म्हटल्यावर लाजले.

"अम्मी!" हमझा ओरडला. "आमी इथे डेमोक्रसी चालवत होतो आणि तुमचं काय चाललं होतं?"

अम्मीलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी विचारलं, "म्हणजे तुला जायचं नव्हतं का?"

"जायचं होतं ना." ती पदराला हात पुसत आत आली आणि खुर्चीवर बसली. "पण मी बोट दिलं असतं आणि गेलो नसतो, तर मला लागलं असतं. तुमाला लागायचं नाही. तुमी खेळत होता. माझ्या माहेरी घराच्या मागेच डोंगर. सकाळी शेकरू ओरडायचं, मी लहानपणी त्याच्या मागे मागे किती लांब जायची. लग्न होऊन इथे आले, सोसायटीत झाड म्हणजे गेटवरचा गुलमोहर. यांनी पहिल्यांदा नकाशा काढला तेव्हा मला वाटलं, चला, जाणार. त्या वर्षी मी बॅगपण भरली होती. तुमी लहान होता, तुमाला कुठलं आठवतंय."

कुणालाच आठवत नव्हतं. अब्बांना आठवलं असावं, कारण ते चष्मा पुसायला लागले.

"मग बोलायचं ना," ते म्हणाले.

"आता बोलते ना."

मी लॅपटॉप बंद केला. मला आम्ही चौघं हवे होतो, आणि तिघांचं जाणं म्हणजे हरलेला बेत वाटत होता. पण ज्या माणसाला सगळ्यांत आधीपासून जायचं होतं त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता तो माणूस चपला घेऊन तयार होता.

निघायच्या दिवशी अब्बा भर दुपारी गाळा सोडून कल्याणला सोडायला आले. हमझाच्या सामानात त्यांनी आंबे घुसवले. गाडी हलली तेव्हा डब्याबरोबर दोन पावलं चालले आणि म्हणाले, "मोहर्लीला डाव्या हाताला बसा. तलाव त्या बाजूला आहे." ज्या रस्त्याने ते कधी गेले नव्हते, त्याची डावी-उजवी बाजू त्यांना पाठ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर वनरक्षकाने ओळखपत्रं तपासली आणि नाव पुकारलं, "सादिक?"

"आले नाहीत," अम्मी म्हणाली. "आंब्यात आहेत."

त्याने मान वर करून बघितलं आणि नावापुढे काट मारली. मोबाईल फाटकावरच ठेवून घेतले. आम्ही डाव्या हाताला बसलो. तलाव खरोखरच त्या बाजूला होता.

पहिला तासभर धूळ आणि ऊन. चितळं, एक निवांत गवा, वठलेल्या झाडावर सर्पगरुड. अम्मी प्रत्येकाचं नाव मला विचारत होती आणि मी सांगितलं की मान हलवत होती, जणू मी तिची ओळख करून देतेय. मग एका छोट्या पाणवठ्याशी गाईडने हात वर केला. वाघीण पाण्यात बसली होती, पाठीमागून शिरलेली, शेपटीच्या बाजूने. डोळ्यांत पाणी उडू नये म्हणून वाघ असं करतात, हे मी वाचलं होतं, पण सांगायला तोंड उघडलं नाही. ती अर्धा वेळ डोळे मिटून होती. हमझा, ज्याला पाच मिनिटं गप्प बसणं जमत नाही, श्वाससुद्धा जपून घेत होता. अम्मी पुढच्या दांडीला धरून उभी राहिली होती. तिच्याकडे बघावं की वाघिणीकडे, हे मला ठरवता येईना. शेवटी वाघीण उठली, अंग झाडलं आणि बांबूत गेली. अम्मी तरी उभीच होती.

फाटकावर मोबाईल परत मिळाले तेव्हा अब्बांचे बरेच मिसकॉल दिसले. अम्मीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे बाजाराचा गोंगाट होता, कुणीतरी "ओ सादिकभाई" म्हणून हाका मारत होतं.

"काय दिसलं? दिसला वाघ?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अम्मीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "कुठला वाघ हो. नुसती हरणं."

अब्बांचा आवाज एकदम मोकळा झाला. "अगं, असू दे, असू दे. पहिल्या फेरीत कोणाला दिसतो? पोरांना सांग, तोंड पाडू नका. मी आलो की बघ. तुमाला बघायचं कुठे ते कळत नाही ना."

"हां, तुमी या," अम्मी म्हणाली. "जेवलात का?"

फोन ठेवल्यावर हमझा म्हणाला, "अम्मी, सरळ खोटं?"

"तो माणूस पहाटेपासून उभा आहे. आत्ता सांगितलं तर रात्रभर झोपायचा नाही, आणि उद्या पेट्या उघडायच्यात." तिने फोन पर्समध्ये टाकला. "आंबा संपू दे. मग सांगू."

"आणि मी तेव्हा दोहात असेन," हमझा म्हणाला.

"मग तू फोनवर सांग. तुझ्या तोंडून ऐकून बरं वाटेल त्यांना." आणि ती चहाच्या टपरीकडे चालू लागली.