तळ्यातले आणि ओढ्यातले

एकादशीच्या आदल्या दिवशी सूनबाईनं बादलीभर जिवंत मासे घरी आणले. इन्स्टिट्यूटचं पाणी गार ठेवायचं यंत्र बिघडलं म्हणे, आणि आमचा केलर, म्हणजे इकडचं तळघर, थंडगार. बोटाएवढे मासे, पाठीवर तीन काटे. "आई, सोमवारी मारून मापं घ्यायचीत," वैभवी म्हणाली, भेंडी चिरायचीय म्हणावं तसं.

माझं डोकंच फिरलं. माझ्या एकादशीला घरात हे जीव मरणाची वाट बघत बसणार? रविवारी, ऐन एकादशीला, मुलगा आणि ती फिरायला गेले. मी बादली उचलली आणि घरामागच्या ओढ्यात रिकामी केली. त्या दिवशी वरीचे तांदूळसुद्धा गोड लागले मला.

संध्याकाळी वैभवी रिकामी बादली बघून जिन्यातच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आई, ते तळ्यातले होते."

"मग काय झालं? पाणी ते पाणी."

"कूळ एकच आहे. हिमयुगाचा बर्फ वितळला तेव्हा काही तळ्यात राहिले, काही ओढ्यात चढले. तळ्यातले वरवरचे किडे गाळून खातात, ओढ्यातले तळ उकरतात. हजारो वर्षांत ते वेगळे झालेत. आता विणीचा हंगाम आहे. एकदा मिसळले की संपलं. आणि माझी पीएचडी याच ओढ्यावर आहे."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सोमवारी तिच्या इन्स्टिट्यूटची माणसं जाळी घेऊन आली. कुठे सोडले ते मीच दाखवलं. बादल्या भरत गेल्या.

"आता आपले तेवढे वेगळे काढायचे ना?" मी विचारलं.

"कल्ल्यांतले किडे गाळायचे दाते मोजल्याशिवाय कळत नाही, आई. आणि जिवंतपणी ते मोजता येत नाहीत."

म्हणजे सगळेच. मी सोडले ते मूठभर, आणि हे घमेलंभर.

एक नर होता, गळ्याशी लालभडक. घरटं बांधून अंडी राखत बसला होता, तिथूनच उचललेला. "हा तर इथलाच असेल गं. एवढा तरी सोड."

"असेल. पण खात्री नाही." तिचे डोळे भरले होते. "बादली धरता का?"

मी धरली. तिनं औषध ओतलं. तो लाल सगळ्यात शेवटी उलटा झाला.

द्वादशी होती, उपास सोडायचा होता. पानावर बसले, पण घास काही उतरेना.