काय गावलं?

संध्याने आईच्या रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला आणि नळीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. रत्नागिरीच्या या प्रयोगशाळेत तिने असे शेकड्यांनी थेंब सोडले होते, पण ते परक्यांचे होते.

दाराबाहेरच्या बाकावर तिची आई, आवडाबाई, ऐसपैस बसल्या होत्या. दाभोळहून पहिल्या एसटीने आल्या होत्या, त्याही स्वतःहून. दोन वर्षांपूर्वी छातीतली कॅन्सरची गाठ काढल्यापासून डॉक्टरांचं नाव काढलं की बाईंना घरातली सगळी कामं आठवायची. पण लेकीने बनवलेल्या यंत्राला रक्त हवंय म्हटल्यावर एका पायावर तयार झाल्या. पट्टीवर बारीक जाळं असतं, रक्तात कॅन्सरची पेशी फिरत असली तर ती त्यात अडकते आणि अडकली की विजेचा प्रवाह घटतो, असं संध्यानेच त्यांना समजावलं होतं. आवडाबाईंना ते लगेच पटलं. जन्म मासे विकण्यात गेलेला, जाळ्याचं त्यांना काय नवल!

पडद्यावरची रेषा सरळ राहिली. संध्याने मुद्दाम पेशी मिसळलेला दुसरा नमुना लावून पाहिला, तर रेषा झटकन खाली आली. म्हणजे यंत्र ठीक होतं. तिने आईचा थेंब पुन्हा लावला, मग आणखी एकदा. रेषा जागची हलली नाही. सोमवारी दवाखान्यातली तपासणी व्हायचीच होती, तरी संध्याचा जीव भांड्यात पडला. आनंदाने ती धावतच बाहेर आली.

"काय गावलं?" आवडाबाईंनी विचारलं.

"कायच नाय, आये. एकपण नाय."

आवडाबाईंचा चेहरा पडला. होडी रिकामी आली की बंदरावर कुणी फारसं बोलत नाही.  त्या लेकीला शेजारी बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा मात्र त्यांना राहवेना. त्यांनी पोलक्याची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"रडू नको गो. आनी काढ रगात. एका खेपेला नाय गावत. येवडी शिकलीस, माज्यापायी फुकट नको जायाला."

संध्याला हसू फुटलं. सांगायला तोंड उघडावं तर ते आणखीच उसळून येई. आवडाबाई मूठ घट्ट आवळून शीर फुगायची वाट बघत बसल्या होत्या.