खिसे तपासून

लाँड्रीवाल्या ताईंचा नियम होता: खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या, चष्मे, एकदा तर कुणाची कवळीसुद्धा त्यांनी वाचवली होती. आणि स्वतःचा ॲप्रन? तो परवा मेला तस्साच मशीनमध्ये कोंबला, मतदानाच्या ओळखपत्रासकट. उकळतं पाणी आणि ब्लीच, मग काय राहतंय! कार्ड पांढरंफटक होऊन बाहेर आलं.

त्यात यंदा कायदा कडक झालेला. नेतेसाहेबांनीच तो हट्टानं करून घेतला होता. ओळखीपाळखीवर मतदान बंद, माझा सख्खा भाऊ आला तरी कार्ड दाखवेल, असं ते सभेसभेत सांगत. आणि ताईंची गल्ली पाडायची की ठेवायची, ते याच मतदानात ठरणार होतं. नवरा म्हणाला, एका मतानं काय आभाळ कोसळतंय? दुकान जाईल तेव्हा कळेल, असं म्हणून ताईंनी पायात चपला सरकवल्या.

मतदान केंद्रावर कार्ड तपासायच्या टेबलापाशी शेजारचे मास्तर बसले होते, ताईंनीच इस्त्री केलेल्या शर्टात. तुम्हाला ओळखतो हो, पण नियमापुढे माझा इलाज नाही, असं ते खाली बघत म्हणाले. ताई रांगेतून बाजूला झाल्या, पण घरी गेल्या नाहीत. दारालाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात साहेब आले. टेबलापाशी त्यांनी खिसे चाचपले, पुन्हा चाचपले. त्यांचं कार्ड ताईंच्या पिशवीत होतं. काल धुवायला आलेल्या साहेबांच्या कोटात सापडलेलं, भेटले की द्यावं म्हणून आणलेलं. ताईंचा हात पिशवीत गेलासुद्धा. पण मास्तर ताडकन उठले, साहेबांना कोण ओळखत नाही म्हणाले, आणि साहेबांच्या बोटाला शाई लावून मोकळे झाले. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मत पेटीत पडेपर्यंत त्या गप्प राहिल्या.

साहेब परत आले तशा त्या पुढे झाल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

“साहेब, तुमचं कार्ड. काल कोटाच्या खिशात राहिलं होतं.”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मग सावरून ते मास्तरांना म्हणाले, यांनाही सोडा, माझी हरकत नाही.

“तुमची हरकत विचारलीय कुणी? मला उपकार नकोत. ज्या ओळखीवर तुम्ही आत गेलात, त्याच ओळखीवर मी जाणार. नाहीतर साहेबांनी स्वतःचाच कायदा मोडला, असं मास्तर कागदावर लिहून देतील.”

मास्तरांनी साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. ताईंनी बोट टेबलावर ठेवलं, ते काढलंच नाही. मागची माणसंही जागची हलेनात. साहेबांनी कार्ड उचललं आणि निमूट चालू लागले.

मास्तरांनी नाव न विचारताच यादीत ताईंचं नाव शोधलं आणि शाईच्या बाटलीचं बूच काढलं.