सगळ्यांना चार गुण

क्लासचे मालक मनोज सर यांच्या केबिनमध्ये शिरताना ललिताने दारही वाजवलं नाही. इंदिरानगरातल्या या क्लासमध्ये ती कितीतरी वर्षं फिजिक्स शिकवत होती, पण तिचं डोकं आजच्याइतकं कधी फिरलं नव्हतं.

पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आलेली पिंकी भोये मोफत जागेच्या परीक्षेत दुसरी आली होती. जागा एकच, राहण्याजेवणासकट. ती नाही मिळाली तर पिंकी आईबापाबरोबर द्राक्षबागेत मजुरीला जाणार, हे घरात ठरलेलं होतं.

आणि जागा हुकली होती ती क्लासच्याच चुकीने. सोडियमच्या केंद्रकातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. वस्तुमान किती घटलं ते काढा आणि त्यावरून ऊर्जा सांगा, असा प्रश्न. तक्त्यातली वस्तुमानं अख्ख्या अणूंची, इलेक्ट्रॉनसकट. म्हणून आणखी दोन इलेक्ट्रॉनांइतकं वस्तुमान वजा करावं लागतं. पिंकीने ते केलं होतं. उत्तरसूची बनवणाऱ्या दीडशहाण्याने केलं नव्हतं.

“सर, उत्तर १.८२ आहे, २.८४ नाही. पिंकीला चार गुण मिळतात, पहिल्या आलेल्या अश्विनचे चार जातात. पिंकी दोन गुणांनी पहिली येते.”

सरांनी आकडेमोड तपासली. “बरोबर आहे तुमचं, मॅडम.”

ललिताला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

“पण बाकी सगळ्यांनी २.८४ लिहिलंय. त्यांचे गुण कापले तर पालक माझ्या डोक्यावर बसतील. प्रश्न वादग्रस्त धरू, सगळ्यांना चार देऊन टाकू. कुणाचं नुकसान नको.”

“अहो, मग अश्विनच दोन गुणांनी पुढे राहतो.”

“त्याला आता इलाज नाही.”

ललिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वादग्रस्त म्हणे. ऊर्जा किती सुटायची ते काय पालकसभेत ठरतं? ती तडक बाहेर आली.

पिंकी पायरीवर बसली होती. “दिले का चार, मॅडम?”

“दिले. सगळ्यांनाच दिले. जागा अश्विनला.”

“चुकलेल्यांना पण? मंग मी ते दोन इलेक्ट्रॉन कशाला वजा केले?”

एव्हाना निकालासाठी आलेले पालक केबिनमध्ये जाऊन बसले होते. ललिताने पिंकीचा हात धरला, दार सताड उघडलं आणि तिला पुढे केलं.

“हेच आत विचार. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”