साखर कमी आहे

सकाळी आमच्या ह्यांनी चहाचा कप पुढे सरकवला, लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि एक बाई मंजुळ आवाजात म्हणाली, "साखर कमी आहे."

मी दचकलेच. हेच वाक्य ह्यांच्या आवाजात आलं की आमचं भांडण सुरू होतं.

घशाच्या ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज गेला. त्याआधी ह्यांनी रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. शांतता हवी म्हणून कपड्यांच्या कपाटात बसून! तेव्हापासून बटण दाबलं की खरेखुरे हे बोलायचे, म्हणजे खेकसायचे. पण रात्री लॅपटॉप स्वतःच अपडेट झाला आणि ते जुनं सॉफ्टवेअर उघडेचना. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. उरली ही बाई, टाइप केलेलं वाचून दाखवणारी.

"ही सवत मला घरात नको," मी म्हणाले.

हे हसले नाहीत. लॅपटॉप मिटून भिंतीकडे तोंड करून बसले. पुन्हा रेकॉर्ड करायचं तर आता आवाज आणायचा कुठून?

लेकीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अर्धं शटर ओढून ती धावत आली.

"लॅपटॉपने अपडेटचं विचारलं तर मला फोन करायचा, असं ठरलं होतं ना?"

"मी रोज 'नंतर' दाबत होते की," मी म्हणाले.

"आई, नंतर म्हणजे कधीतरी होणारच ना!"

तिने अपडेट मागे घेतलं, आवाज चालवणारा ड्रायव्हर का काय म्हणतात तो जुना शोधून बसवला. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला. मी उगाच ओटा पुसत राहिले.

आणि एकदम ते ओळखीचं खेकसणं ऐकू आलं. "साखर कमी आहे!" त्याच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेला, कपाटाच्या दाराबाहेरून, माझा तेव्हाचा आवाज. "अहो, किती वेळ बसणार आत? जेवण गार होतंय!"

"आईचं ओरडणं काढून टाकू का बाबा? सोपं आहे," लेक म्हणाली.

"टाकच," मी म्हणाले. "मी कधीची सांगतेय."

ह्यांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि टाइप केलं. सवतीने वाचून दाखवलं, "नको. तेवढ्या एकाच वाक्यात आम्ही दोघं एकदम बोलतो."

माझे डोळे भरून आले. मी साखरेचा डबा उघडला.

ह्यांनी कपावर हात ठेवला. चहा गोडच होता.